विश्लेषण : प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना वॉकीटॉकी अजून का लागतो? तो बोलता ठेवणारे अभियंते नेमके काय करतात?

गणेश विसर्जनाच्या रात्री गिरगाव चौपाटीवर किंवा पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर अनेकांना एकच अनुभव येतो. मोबाइलवर नेटवर्कच्या सगळ्या काड्या दिसतात, पण फोन काही लागत नाही. त्याच गर्दीत शेजारी उभ्या असलेल्या पोलिसाचा वॉकीटॉकी मात्र सतत बोलत असतो. संकेतस्थळांवरून होणाऱ्या वॉकीटॉकीच्या बेकायदा विक्रीवर केंद्राने २०२५ मध्ये नियमावली आणली आणि हे उपकरण पुन्हा चर्चेत आले. दुसरीकडे पोलीस, अग्निशमन दल आणि रेल्वे यांची रेडिओ यंत्रणा ४जी-५जीवर नेण्याचे प्रयत्न जगभर सुरू आहेत. ही यंत्रणा चालते कशी, ती कोणाच्या भरवशावर चालते आणि ती बदलताना धोका कुठे आहे, याचा हा आढावा.

मोबाइल आणि वॉकीटॉकीत मूळ फरक काय?

मोबाइल हा मुळात एकाने दुसऱ्याशी बोलण्यासाठी आहे. क्रमांक लावायचा, रिंग वाजायची, समोरच्याने उचलायचा. द्विमार्गी रेडिओ म्हणजे वॉकीटॉकी हा एकाने अनेकांशी बोलण्यासाठी आहे. बटण दाबले की अर्ध्या सेकंदाच्या आत त्या गटातील प्रत्येकाला आवाज ऐकू जातो. कोणी ‘उचलण्याची’ गरजच नसते.

याचा एक फायदा सहसा लक्षात येत नाही. जळत्या इमारतीत पाचव्या मजल्यावरचा जवान ‘जिना कोसळतोय’ असे एकदाच ओरडतो, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या तुकडीला वेगळा फोन करावा लागत नाही. त्यांनी ते ऐकलेलेच असते. नियंत्रण कक्षानेही ऐकलेले असते.

दुसरा मोठा फरक म्हणजे मोबाइलला मनोरा लागतोच. समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांनी एकमेकांना फोन केला, तरी आवाज मनोऱ्यावरून फिरून येतो. मनोरा बंद पडला की फोन निकामी. वॉकीटॉकीचे दोन संच मात्र मधे काहीही नसताना थेट एकमेकांशी बोलू शकतात.

गर्दीत मोबाइल का कोलमडतो?

प्रत्येक मनोऱ्याची एका वेळी हाताळता येणाऱ्या संभाषणांची क्षमता ठरलेली असते. नेहमीच्या वापराचा अंदाज बांधूनच ती आखली जाते. दुर्घटना घडली की त्या भागातला प्रत्येक जण घरी फोन करतो आणि घरचा प्रत्येक जण त्याला. मुंबईत ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांनंतर हेच झाले. स्फोटांनी मनोरे पाडले नव्हते, तरी फोन लागत नव्हते.

रेडिओचे गणित वेगळे आहे. पन्नास पोलीस एका गटात ऐकत असतील, तरी बोलणाऱ्यासाठी एकच वाहिनी खर्च होते. ऐकणारे पन्नास असोत की पाचशे, त्या भागातला भार तेवढाच राहतो. शिवाय ही वाहिनी सर्वसामान्यांसाठी खुली नसल्याने त्यांच्या फोनांची झुंबड तिथे पोहोचतच नाही.

दुसरे कारण विजेचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. वीज गेली, पाणी भरले आणि मोबाइल सेवा कोसळली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आदळले, तेव्हाही अनेक गावांचा संपर्क काही दिवस तुटला होता. व्यावसायिक मनोऱ्यांना बॅटरीचा आधार काही तासांचा असतो. आपत्कालीन रेडिओ केंद्राची आखणी करतानाच वीज नसताना ते किती काळ चालले पाहिजे, हा पहिला प्रश्न विचारावा लागतो.

वॉकीटॉकीचा आवाज किती दूर जातो?

‘रेंज किती?’ हा दुकानदाराला विचारला जाणारा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर संचाच्या ताकदीपेक्षा अँटेनाच्या उंचीवर जास्त अवलंबून असते. पोलीस, अग्निशमन दल वापरतात त्या रेडिओलहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. सपाट मैदानात अडथळा नसताना क्षितिज किती दूर, याचे सोपे सूत्र आहे. अँटेनाची मीटरमधील उंची घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला ४.१२ ने गुणायचे. उत्तर किलोमीटरमध्ये मिळते.

माणसाच्या हातातला संच जमिनीपासून दीड मीटर उंच धरला, तर क्षितिज सुमारे पाच किलोमीटरवर. तशी दोन माणसे असतील तर कागदावर दहा किलोमीटर. शहरात इमारती आडव्या येतात आणि प्रत्यक्षात दोन-तीन किलोमीटर मिळाले तरी चांगले म्हणायचे.

मधे १०० मीटर उंचीवर एक यंत्र बसवले, तर त्याचे क्षितिज ४१ किलोमीटर. हातातल्या संचाचे पाच मिळवले की ४६. हे यंत्र एका फ्रिक्वेन्सीवर क्षीण आवाज ऐकते आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात परत पाठवते. त्याला रिपीटर म्हणतात. पुण्यासाठी दूरदर्शनचा मनोरा सिंहगडावर का बसवला, त्याचे कारणही हेच. उंचीला पर्याय नाही.

मग यात अभियंत्याचे काम काय?

संच विकत घेणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. वरिष्ठ रेडिओ अभियंत्याचे काम त्याच्या आधी सुरू होते आणि नंतरही संपत नाही.

आधी नकाशावर गणित. कोणत्या टेकडीवर किंवा इमारतीवर रिपीटर बसवला तर कोणता भाग झाकला जाईल आणि कुठे छाया पडेल, हे संगणकावर काढले जाते. मग गाडीत मोजणी यंत्र घेऊन रस्तोरस्ती फिरायचे, कारण नकाशाला नवा उड्डाणपूल किंवा काचेचा टॉवर ठाऊक नसतो. शेवटी गाडीतून उतरून तळघर, जिने, लिफ्टचे शाफ्ट, भुयारी मार्ग इथे हातातला संच घेऊन चालायचे. आग लागल्यावर जवान रस्त्यावर उभे राहून बोलणार नसतात.

नंतर येतात बारकावे. अँटेनापर्यंत जाणाऱ्या केबलमध्ये ३ डेसिबल घट झाली, तर निम्मी शक्ती वाटेतच उष्णता होऊन संपते. कोकणातल्या पावसात जोडणीत पाणी शिरले, तर हे महिन्याभरात होऊ शकते आणि खालच्या खोलीतल्या यंत्रावर सगळे दिवे हिरवेच दिसत राहतात. विजेपासून संरक्षणासाठी अर्थिंग, बॅटरीची प्रत्यक्ष भार टाकून चाचणी, जनित्राचे डिझेल हेही याच कामात येते. कोणत्या गटाने कोणाशी बोलायचे, मोठ्या घटनेत पोलीस आणि अग्निशमन दल कोणत्या समान वाहिनीवर भेटणार, याचा आराखडाही अभियंताच मांडतो.

रिपीटर तर अभियांत्रिकीच्या दृष्टीने चमत्कारच म्हणावा लागेल. तो २५ वॉटने ओरडत असतो आणि त्याच वेळी, बहुतेकदा त्याच अँटेनातून, दूरच्या संचाची कुजबुज ऐकत असतो. या दोन शक्तींमधली तफावत एकावर सोळा शून्ये एवढी असते. स्वतःच्याच ओरडण्याने कान बधिर होऊ नयेत म्हणून डुप्लेक्सर नावाचे गाळणीसारखे उपकरण बसवतात. ते किंचित जरी बिघडले तरी रिपीटर चालू राहतो, त्याचा आवाजही सगळीकडे जातो, फक्त त्याला दूरचे ऐकू येईनासे होते. नियंत्रण कक्षाचे बोलणे जवानाला ऐकू येते, पण जवानाचे नियंत्रण कक्षाला नाही. हे लक्षात येण्यासाठी आधी कोणीतरी दुरून मदत मागावी लागते.

नसलेला आवाज कुठून येतो?

अनुभवी आणि नवशिक्या अभियंत्यातला फरक दिसतो तो व्यत्यय शोधताना. एक उदाहरण घेऊ. एकाच गच्चीवर दोन यंत्रे आहेत. एक १५५ मेगाहर्ट्झवर, दुसरे १५५.५ मेगाहर्ट्झवर. दोन्ही नियमानुसार चाललेली. पण दोन्ही एकाच वेळी सुरू झाली आणि जवळ एखादा गंजलेला बोल्ट किंवा सैल जोडणी असली, तर त्या धातूत दोन्ही लहरी मिसळतात आणि १५४.५ व १५६ मेगाहर्ट्झवर नवे संकेत तयार होतात. प्रत्यक्षात या दोन फ्रिक्वेन्सींवर कोणीही बोलत नसते. तिथे जर एखाद्या रुग्णवाहिका सेवेची वाहिनी असेल, तर तिला अधूनमधून खरखर ऐकू येईल आणि दोषी यंत्र कधीच सापडणार नाही, कारण दोषी यंत्र अस्तित्वातच नाही.

हे शोधायचे तर व्यत्यय कोणत्या वेळी येतो, पाऊस पडल्यावर वाढतो की कमी होतो, गच्चीवर अलीकडे कोणी काय बसवले, अशा प्रश्नांपासून सुरुवात करावी लागते. उपकरण आकडा दाखवते. त्या आकड्यामागची कथा जुळवायला वर्षे जातात.

न्यूयॉर्कच्या त्या बटणाने काय शिकवले?

रेडिओ यंत्रणेच्या अपयशाचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण ११ सप्टेंबर २००१ चे आहे. वर्ल्ड ट्रेड सेंटरवर १९९३ मध्ये बॉम्बहल्ला झाला, तेव्हा उंच इमारतीत अग्निशमन दलाचे संच नीट चालत नसल्याचे दिसले होते. म्हणून तिथे खास रिपीटर बसवण्यात आला. २००१ च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या आयोगाने २००४ च्या अहवालात त्या दिवशी काय झाले ते नोंदवले आहे.

रिपीटर सुरू होता. पण नॉर्थ टॉवरच्या लॉबीतल्या मुख्य हँडसेटसाठी असलेले दुसरे बटण दाबले गेले नव्हते. चाचणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांना त्या हँडसेटवर आवाज आला नाही. रिपीटरच बंद आहे असे समजून त्यांनी ती वाहिनी सोडून दिली. शेजारच्या साउथ टॉवरमध्ये त्याच वाहिनीवर जवान बोलत होते आणि त्यातील काही ७८ व्या मजल्यापर्यंत पोहोचले. इमारत कोसळू शकते, हा हेलिकॉप्टरमधील पोलिसांचा इशारा पोलिसांच्या वाहिनीवर होता. अग्निशमन दलाला तो थेट ऐकण्याची सोय नव्हती. त्या दिवशी न्यूयॉर्क अग्निशमन दलाचे ३४३ जण मृत्युमुखी पडले.

या मृत्यूंचे एकमेव कारण रेडिओ होता, असे आयोग म्हणत नाही. मात्र अभियंत्यांसाठी धडा स्पष्ट होता. यंत्र दुरुस्त होते, पण धुराने आणि गोंधळाने भरलेल्या लॉबीत ताण असलेल्या माणसाला ते चालू आहे की नाही हे कळत नव्हते. जिथे अशी शंका राहते, ते काम पूर्ण झालेले नसते.

भुयारात काय होते?

लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकात नोव्हेंबर १९८७ मध्ये लागलेल्या आगीत ३१ जणांचा बळी गेला. चौकशी अहवालाने भुयारातील संदेशवहन सुधारण्याची शिफारस केली. त्यानंतर १७ वर्षांनी, ७ जुलै २००५ रोजी त्याच भुयारी रेल्वेत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा वाहतूक पोलीस वगळता इतर आपत्कालीन सेवांचे रेडिओ जमिनीखाली चालत नव्हते. स्फोटस्थळावरून संदेश घेऊन माणसांना वर-खाली पळावे लागले. लंडन असेंब्लीच्या समितीने २००६ मध्ये यावर कडक ताशेरे ओढले.

मुंबईसाठी हा विषय दूरचा नाही. ३३.५ किलोमीटरची मेट्रो ३ ही भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली, तेव्हा प्रवाशांच्या मोबाइलला भुयारात नेटवर्क मिळत नाही, हा वाद गाजला. प्रवाशाला फोन न लागणे ही गैरसोय आहे. गाडी चालवणाऱ्याचा आणि नियंत्रण कक्षाचा संपर्क तुटणे ही सुरक्षेची समस्या आहे. त्यामुळे भुयारात बोगद्याच्या भिंतीला धरून खास केबल टाकतात. तिच्या आवरणाला ठरावीक अंतरावर फटी असतात आणि त्यातून लहरी मुद्दाम बाहेर झिरपू दिल्या जातात. पूर्ण बोगदाच एक लांबलचक अँटेना होतो. पण बाहेरून आलेल्या अग्निशमन जवानाचा संच त्या केबलशी बोलू शकतो का, हा वेगळा प्रश्न. तो मार्गिका उभारतानाच सोडवावा लागतो.

डिजिटल झाल्याने काय बदलले?

जुन्या अ‍ॅनालॉग संचात एका वाहिनीवर एकच संभाषण चालते. युरोपात तयार झालेल्या ‘टेट्रा’ तंत्रात २५ किलोहर्ट्झच्या एका वाहिनीत चार संभाषणे बसतात, ‘डीएमआर’मध्ये १२.५ किलोहर्ट्झमध्ये दोन. अमेरिकेत ‘पी२५’ हे मानक आहे. बोलणाऱ्याची ओळख, त्याचे ठिकाण, संकटाचे बटण आणि कूटबद्ध संदेश या सोयीही मिळाल्या. दिल्ली मेट्रोसह भारतातल्या अनेक मोठ्या प्रकल्पांत टेट्रा वापरले जाते.

किंमतही मोजावी लागली. अ‍ॅनालॉग संकेत क्षीण होतो तशी खरखर वाढते आणि आपण रेंजच्या बाहेर चाललो आहोत हे जवानाला कळते. डिजिटलमध्ये आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम तुटतो. दुसरी अडचण आवाजाच्या संकोचनाची. डिजिटल संच मानवी आवाजाचा अंदाज बांधून तो कमी जागेत बसवतो. मागे करवत किंवा धोक्याचा भोंगा वाजत असेल, तर काही वेळा शब्दच ओळखू येत नाहीत. २००८ च्या सुमारास अमेरिकेत अग्निशमन दलांच्या तक्रारींनंतर याच्या चाचण्या झाल्या आणि संचांच्या रचनेत सुधारणा झाल्या. प्रयोगशाळेतल्या शांत खोलीत उत्तीर्ण झालेला संच आगीत नापास होऊ शकतो, हे त्यातून दिसले.

हे संच कितपत सुरक्षित आहेत?

जुलै २०२३ मध्ये नेदरलँड्समधील ‘मिडनाइट ब्लू’ या संशोधन संस्थेने टेट्रातील कमकुवत जागा जाहीर केल्या. टेट्रातील ‘टीईए१’ या कूटपद्धतीची ८० बिटची किल्ली प्रत्यक्षात ३२ बिटइतकी दुबळी केलेली होती, म्हणजे साध्या हार्डवेअरवर ती फोडता येत होती. दशकानुदशके हे गणित गुप्त ठेवल्याने बाहेरच्या कोणाला ते तपासता आले नव्हते.

त्यानंतर १८ सप्टेंबर २०२४ रोजी लेबनॉनमध्ये वॉकीटॉकी संचांचे स्फोट झाले. आदल्या दिवशी पेजर फुटले होते. संच कोणाकडून, कोणत्या मार्गाने आला हा प्रश्नही तेव्हापासून खरेदीच्या केंद्रस्थानी आला. आता वरिष्ठ रेडिओ अभियंत्याला लहरींबरोबरच कूटशास्त्र आणि पुरवठा साखळीही समजून घ्यावी लागते.

मग सगळे ४जी-५जीवर का नेत नाहीत?

प्रयत्न सुरू आहेत, कारण रेडिओवर आवाज जातो, पण व्हिडिओ किंवा इमारतीचा नकाशा पाठवता येत नाही. अमेरिकेने २०१२ च्या कायद्याने ‘फर्स्टनेट’ स्थापन करून ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात २० मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम आपत्कालीन सेवांसाठी राखून ठेवला. २०१६ मध्ये ४जीच्या जागतिक मानकांत वॉकीटॉकीसारख्या गटसंभाषणाचा समावेश झाला. तरीही तिथल्या बहुतांश पोलीस आणि अग्निशमन दलांनी जुने रेडिओ काढून टाकलेले नाहीत.

ब्रिटनने मात्र जुनी यंत्रणा बंद करण्याची तारीखच ठरवली. ‘एअरवेव्ह’ हे टेट्रा जाळे बंद करून मोबाइल नेटवर्कवर चालणारी यंत्रणा आणण्यासाठी २०१५ मध्ये कंत्राटे दिली. २०१९ अखेरीस जुने जाळे बंद होणार होते. ती तारीख गेली, पुढच्याही गेल्या. २०२२ मध्ये मुख्य कंत्राटदारांपैकी एक असलेली मोटोरोला प्रकल्पातून बाहेर पडली, २०२४ च्या अखेरीस नवे कंत्राट झाले आणि आता लक्ष्य या दशकाच्या शेवटाचे आहे. या काळात जुने आणि नवे असा दुहेरी खर्च चालू राहिला.

अडचणींपैकी एक अगदी मूलभूत होती. मनोरा नसताना संचाने संचाशी थेट बोलणे ही वॉकीटॉकीची जन्मजात क्षमता आहे, पण फोनच्या चिपमध्ये ती सहज मिळत नाही. फोन जास्तीत जास्त सुमारे दोनशे मिलिवॉटने बोलतो, वॉकीटॉकी चार-पाच वॉटने. डोंगरात किंवा तळघरात हा फरक जाणवतो.

भारतात आणि महाराष्ट्रात काय स्थिती आहे?

राज्य पोलिसांचा बिनतारी संदेश विभाग पुण्यातून चालतो. देशपातळीवर पोलीस बिनतारी समन्वय संचालनालय गृह मंत्रालयाखाली काम करते. गडचिरोलीसारख्या भागात माओवाद्यांनी मोबाइल मनोरे जाळल्याच्या घटना घडल्या आहेत, तिथे स्वतःच्या रेडिओ जाळ्याला पर्याय नसतो. किनाऱ्यावर मच्छीमार आणि जहाजांसाठी १५६.८ मेगाहर्ट्झची ‘वाहिनी १६’ ही जगभर संकटाची वाहिनी आहे.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) २०१८ मध्ये आपत्कालीन सेवांसाठी देशव्यापी ब्रॉडबँड जाळ्याची आणि त्यासाठी ८०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात राखीव स्पेक्ट्रमची शिफारस केली. असे एकात्मिक जाळे अजून उभे राहिलेले नाही. रेल्वेचे पाऊल पुढे पडले. जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात ५ मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम मंजूर केला. गाड्यांची टक्कर टाळणारी ‘कवच’ यंत्रणाही इंजिन आणि स्थानक यांच्यातील रेडिओ संपर्कावर चालते. तिथे रेडिओ तुटणे म्हणजे केवळ बोलणे तुटणे नव्हे.

वॉकीटॉकी कोणालाही विकत घेता येतो का?

सरसकट नाही. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीचे संच परवान्याशिवाय वापरता येतात. संचाच्या प्रकाराला सरकारी मंजुरी असणे मात्र आवश्यक आहे. बाकी पट्ट्यांसाठी केंद्राच्या बिनतारी नियोजन आणि समन्वय विभागाची परवानगी लागते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये १३ ई-कॉमर्स मंचांना नोटिसा बजावल्या आणि पाठोपाठ नियमावली काढली. संच कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि त्याला परवाना लागतो का, हे विक्रेत्याने सांगणे त्यामुळे बंधनकारक झाले.

ट्रेकिंगला किंवा लग्नाच्या मंडपात वापरलेला स्वस्त संच पोलिसांच्या किंवा रुग्णवाहिकेच्या वाहिनीत घुसू शकतो, हा यातला खरा धोका. हौशी रेडिओ म्हणजे ‘हॅम’साठी वेगळी परीक्षा आणि परवाना आहे, वयाची अट फक्त १२ वर्षे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानातून बाहेर संदेश पाठवणाऱ्यांत तिथे योगायोगाने गेलेले हॅम ऑपरेटर होते.

अनुभवी अभियंते कुठून येणार?

इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचारची पदवी घेतलेल्या मुलामुलींचा मोठा ओढा सॉफ्टवेअरकडे आहे. पगार तिथे लवकर वाढतो, डोंगरावर चढावे लागत नाही आणि पावसाळ्यात रात्री दोनला फोन येत नाही. रेडिओच्या क्षेत्रात मेट्रो, रेल्वे, बंदरे, विमानतळ, तेलशुद्धीकरण प्रकल्प, संरक्षण उत्पादन आणि आखाती देशांतील प्रकल्पांत काम आहे. पण कामाची वाट हळू आहे. पदवीने सूत्रे मिळतात. कोणत्या टेकडीवर कोणत्या ऋतूत काय बिघडते, हे ज्येष्ठांबरोबर फिरूनच कळते.

इथेच खरी अडचण आहे. देखभालीची कामे कंत्राटी पद्धतीने, दर काही वर्षांनी नव्या निविदेने दिली, तर माणसे बदलतात आणि त्यांच्याबरोबर हे ज्ञानही जाते. संचांची संख्या सरकारी कागदावर मोजता येते. ‘या केंद्राचा डुप्लेक्सर पावसाळ्यात सरकतो’ ही माहिती कोणत्याच तक्त्यात नसते. रेडिओ नीट चालतो तेव्हा तो कोणाच्या लक्षातही येत नाही, त्यामुळे तो चालवणाऱ्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या तरी लगेच काही बिघडलेले दिसत नाही.

पुढे काय पाहायला हवे?

येत्या काही वर्षांत आपत्कालीन सेवा ब्रॉडबँडकडे जातील, यात फारशी शंका नाही. प्रश्न क्रमाचा आहे. ब्रिटनचा अनुभव सांगतो की नवे पूर्ण सिद्ध होईपर्यंत जुने बंद करण्याची तारीख ठरवू नये. न्यूयॉर्क सांगते की यंत्र चालू आहे हे वापरणाऱ्याला दिसले पाहिजे. लंडन सांगते की भुयाराची चाचणी भुयारातच घ्यावी लागते आणि शिफारस फाइलमध्ये ठेवण्याची किंमत पुढच्या दुर्घटनेत मोजावी लागते.

त्यामुळे ‘आधुनिक संदेशवहन यंत्रणा’ अशी घोषणा पुढच्या वेळी ऐकू आली, तर तीन प्रश्न विचारण्यासारखे आहेत. मनोरा पडला तर संच थेट एकमेकांशी बोलतील का? वीज गेली तर यंत्रणा किती तास चालेल आणि हे शेवटचे कधी तपासले? आणि रात्री दोन वाजता बिघाड झाला, तर ती यंत्रणा ओळखणारा अभियंता पगारी सेवेत आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे निविदेत सापडतात. तिसऱ्याचे उत्तर आस्थापना यादीत शोधावे लागते.